टँक, टाकी, टाकं, टँकर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यात फाल्गुन सरला की ‘टँकर’ हा इंग्रजी शब्द घराघरात बोलला जातो. त्याच्याविषयी आणि त्याच्या टँक, टाकी, टाकं या गोतावळ्याविषयी विद्यार्थी, शिक्षक, ग्रामपंचायतीतली माणसं आणि स्पर्धा परीक्षावाले जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथं एकत्र केलं आहे. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगितलेलं नाही. तिथं प्रश्नाचा आकडा दिला आहे.

१. ‘टँक’ म्हणजे नेमकं काय? टाकी, तलाव की रणगाडा?

तिन्ही. आजच्या इंग्रजीत पहिला अर्थ म्हणजे द्रव किंवा वायू साठवायचं मोठं भांडं : पाण्याची टाकी, मोटारसायकलची पेट्रोलची टाकी, मासे ठेवायची काचेची पेटी. भारतातल्या जुन्या सरकारी इंग्रजीत त्याचा अर्थ बांध घालून केलेला तलाव (प्रश्न ७). सैन्याच्या बातमीत रणगाडा (प्रश्न ८). अर्थ ओळखायचा तर आधी शेजारचा शब्द पाहायचा. ‘इरिगेशन’, ‘पर्कोलेशन’ किंवा ‘बंड’ असेल तर तलाव. ‘बॅटल’ किंवा ‘रेजिमेंट’ असेल तर रणगाडा. ‘वॉटर’, ‘फ्यूएल’, ‘सेप्टिक’ असेल तर टाकी.

२. ‘टँक हा इंग्रजांनी मराठीतून उचललेला शब्द आहे’ असा मेसेज फिरायलाय. खरंय का?

अर्धा खरा आहे. मेसेज करणाऱ्यानं सोयीचा अर्धा भाग उचलला.

जे पक्कं आहे ते असं. इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आला आणि तो भारतात आलेल्या प्रवाशांच्या लिखाणातून आला. जहांगीराच्या दरबारी आलेला इंग्रज वकील थॉमस रो याचा पाद्री एडवर्ड टेरी यानं १६१६ च्या सुमारास इथलं वर्णन करताना लिहिलं की नद्यांखेरीज या लोकांकडे पुष्कळ तळी आहेत आणि त्यांना ते ‘टँक’ म्हणतात. ‘ते म्हणतात’, म्हणजे इथले लोक. मराठीत टाकं, गुजरातीत टांकुं, राजस्थानात टांका. तिन्ही ठिकाणी अर्थ एकच : खोदून किंवा बांधून केलेला पाण्याचा साठा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात ‘टांकें’ या नोंदीचा अर्थ देताना ‘टँक’ हाच शब्द वापरला आहे.

आता दुसरा अर्धा. एकट्या मराठीचा दावा टिकत नाही, कारण गुजरातचा किनारा इंग्रजांना आधी लागला. सुरतेची वखार त्यांची पहिली मोठी जागा. इंग्रजांच्या कानावर शब्द पडला असेल तर गुजरातीतला पडण्याचीच शक्यता जास्त. म्हणून मोठे कोश ‘गुजराती, मराठी’ अशी जोडी देतात आणि तिच्या शेजारी पोर्तुगीजही मांडतात. तो भाग पुढच्या प्रश्नात.

३. मग पोर्तुगीजांचा काय संबंध?

पोर्तुगीज भाषेत ‘तांक’ असा ऐकू येणारा, पाण्याचं तळं किंवा हौद या अर्थाचा शब्द आहे. तो ‘एस्तांकार’ म्हणजे वाहतं पाणी अडवणं या क्रियापदाशी जोडला जातो. स्पॅनिशमध्ये त्याचा भाऊ ‘एस्तांके’ आहे. युरोपात नातलग असलेला शब्द भारतातून गेला असं म्हणणं अवघड. वास्को द गामाच्या १४९८ च्या सफरीच्या रोजनिशीत मलबारातल्या एका देवळाचं वर्णन आहे (त्या लोकांना ते चर्च वाटलं होतं). तिथल्या घडीव दगडांच्या तळ्याला लिहिणाऱ्यानं हाच शब्द वापरला. जहाज नुकतंच किनाऱ्याला लागलेलं. इतक्यात गुजराती-मराठी शब्द शिकून तो सवयीनं वापरायला वेळच नव्हता. म्हणजे शब्द त्यांच्या जिभेवर घरूनच आला होता.

मग उलट झालं असेल का, पोर्तुगीजांनीच तो आपल्याला दिला असेल का? काही अभ्यासकांचं मत तसंही आहे. मराठीत पोर्तुगीज शब्द कमी नाहीत : चावी, पगार, बटाटा, पाव, आणि पाण्याच्या-बांधकामाच्या कामातले घमेलं आणि पिंप. काही जण म्हणतात, ‘टांकें’ हे नपुंसकलिंगी रूप अस्सल मराठी घडणीचं आहे, परकी शब्द असं वळण घेत नाही. हा युक्तिवाद घमेल्यातच बुडतो. ‘घमेलें’ हे पोर्तुगीज ‘गामेला’वरून आलं आणि तेही मराठीत नपुंसकलिंगी झालं.

आमचा कौल असा : इंग्रजी ‘टँक’ला दोन झरे आहेत. भारतातल्या तळ्याला ‘टँक’ म्हणायची सवय इथल्या शब्दानं लावली आणि पोर्तुगीज शब्दानं ती पक्की केली. सतराव्या शतकाच्या शेवटाकडे ‘द्रव साठवायचं मोठं कृत्रिम भांडं’ हा अर्थ रुळला, त्यात पोर्तुगीजांचा हात मोठा धरतात. ‘फक्त मराठी’ किंवा ‘फक्त पोर्तुगीज’ असं ठासून सांगणाऱ्याला १४९८ आणि १६१६ हे दोन आकडे समोर ठेवायला सांगा.

४. ‘टाकं’मध्ये ‘न’चा आवाज कुठंय? मग ‘टँक’शी नातं कसं लावता?

आवाज होता, लिखाणातून गेला. जुनं लेखन ‘टांकें’ असं होतं. ‘टां’वरचा अनुस्वार नाकातल्या हलक्या उच्चाराचा. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले आणि ‘टांकें’चं ‘टाके’ झालं. गुजरातीत आणि राजस्थानीत तो आवाज आजही स्पष्ट आहे. जुन्या कोशात ‘टाके’ शोधून काही सापडत नाही, त्याचं कारणही हेच. ‘टांकें’ असं शोधा.

५. ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’, त्यातली टाकी हीच का? आणि टांकसाळ, टंकलेखन, देवाचे टाक?

म्हणीतली टाकी म्हणजे पाथरवटाची छिन्नी. ती संस्कृत ‘टंक’वरून, म्हणजे दगड फोडायच्या-घडवायच्या हत्यारावरून. पाण्याच्या टाकीशी तिचा उच्चार जुळतो. अर्थाचा संबंध नाही.

‘टंक’चा दुसरा जुना अर्थ म्हणजे ठसा मारलेलं नाणं. त्या कुळात टांकसाळ येते, टका येतो, बांगलादेशचं चलन ‘टाका’ येतं. ठसा उमटवायचा म्हणून टंकलेखन. देवघरातले खंडोबा-भवानीचे टाक हे धातूच्या पत्र्यावर उठवलेले ठसेच; त्यांना या घरात बसवणं अर्थाला धरून आहे.

आता मोह होतो तो असा : टाकीनं, म्हणजे छिन्नीनं, खोदलेलं ते टाकं. वेरूळ-अजिंठ्याची कातळात कोरलेली टाकी पाहिली की हे पटतंही. काही जण ‘टाकं’ संस्कृत ‘तडाग’पर्यंत नेतात. दोन्ही वाटा शक्यतेच्या आहेत, निकालाच्या नाहीत. परीक्षेत किंवा लेखात ‘सिद्ध’ म्हणून लिहू नका. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सातवाहन काळातल्या पश्चिम भारतातल्या लेण्यांच्या प्राकृत शिलालेखांत पाण्याच्या टाक्याला ‘पोढी’ म्हटलं आहे. वस्तू दोन हजार वर्षं जुनी आहे म्हणून आजचा शब्दही तितकाच जुना, असं होत नाही.

६. ‘किल्ल्यावर टाकी आहेत’ की ‘टाके आहेत’? दरवेळी गोंधळ होतो.

गोंधळ होणारच, कारण तीन वेगळे शब्द एकमेकांची रूपं घालून फिरतात.

टाकं (लेखी टाके) हे नपुंसकलिंगी : ते टाके, अनेकवचन ती टाकी. किल्ल्यावर, लेण्यांत असतं ते हे. टाकी हे स्त्रीलिंगी : ती टाकी, अनेकवचन त्या टाक्या. गच्चीवर असते ती ही. टाका हे पुल्लिंगी : तो टाका, अनेकवचन ते टाके. शिवणाचे किंवा डॉक्टर घालतात ते हे.

म्हणून ‘किल्ल्यावर पाच टाकी आहेत’ बरोबर, ‘गच्चीवर पाच टाक्या आहेत’ हेही बरोबर. ‘किल्ल्यावर पाच टाके आहेत’ म्हटलं तर किल्ला शिवला असा अर्थ निघेल. विभक्ती लावली की पुन्हा पेच : ‘टाक्यात पाणी आहे’ हे खडकातल्या टाक्याविषयी, ‘टाकीत पाणी आहे’ हे गच्चीवरच्या टाकीविषयी. अनेकवचनात मात्र दोन्हींचं ‘टाक्यांत’ असंच होतं, तिथं आजूबाजूचं वाक्यच अर्थ सांगतं.

‘टँक’ मराठीत बहुतेक जण पुल्लिंगी धरतात : पाण्याचा टँक. ‘टँकर’ पुल्लिंगीच, आणि अनेकवचनातही तसाच राहतो : एक टँकर आला, चार टँकर आले.

७. सातबाऱ्याच्या किंवा सिंचनाच्या जुन्या कागदात ‘एम. आय. टँक’, ‘पी. टँक’ लिहिलेलं असतं. तिथं टाकी तर नाही, तलाव आहे!

बरोबर. तिथं ‘टँक’चा जुना भारतीय अर्थ आहे. एम. आय. टँक म्हणजे मायनर इरिगेशन टँक, आपला लघुसिंचन तलाव : बांध, सांडवा, बहुतेक ठिकाणी कालवा. पी. टँक म्हणजे पर्कोलेशन टँक, आपला पाझर तलाव. याला शेताला पाणी देणारा कालवा नसतो. अडलेलं पाणी जमिनीत मुरावं आणि खालच्या अंगाच्या विहिरींना पाझर फुटावा एवढंच त्याचं काम. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात कामावर आलेल्या हातांनी असे पुष्कळ तलाव उभे केले, म्हणून त्या काळच्या कागदांत हा शब्द पानोपानी दिसतो.

भाषांतर करताना इथं चूक झाली तर महागात पडते. ‘टँकच्या दुरुस्तीसाठी मंजुरी’ याचं ‘टाकीची दुरुस्ती’ असं केलं तर अंदाजपत्रकातला मातीचा भराव, पिचिंग (बांधाच्या उतारावर बसवलेले दगड) आणि सांडवा वाचणाऱ्याला कोड्यात टाकतात. कागदात बांधाची लांबी, सांडवा किंवा पाणलोट क्षेत्र यांतलं काहीही आढळलं की डोळे झाकून ‘तलाव’ लिहा. शेततळ्याला मात्र सरकारी इंग्रजीत ‘टँक’ न म्हणता ‘फार्म पाँड’ म्हणतात.

दक्षिणेकडे हा अर्थ अजून जिवंत आहे. हैदराबादला जाऊन आलेल्यांनी हुसेनसागरावरचा ‘टँक बंड’ पाहिलेला असतो. तिथला ‘टँक’ म्हणजे तो आख्खा तलाव आणि ‘बंड’ म्हणजे बांध. हा दुसरा शब्दही फारसी-हिंदुस्तानी ‘बंद’वरून इंग्रजीत गेलेला. दोन इंग्रजी शब्दांची पाटी, आणि दोन्हींना हिंदुस्थानची माती लागलेली.

८. पाण्याच्या टाकीचं नाव तोफेच्या गाडीला का दिलं?

लपवाछपवीसाठी. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश आरमाराच्या खात्यानं फेब्रुवारी १९१५ मध्ये ‘जमिनीवरचं जहाज’ बनवायला एक समिती नेमली. लिंकन शहरातल्या विल्यम फॉस्टर कंपनीत पोलादी डबा आकार घेऊ लागला. एवढं अवजड धूड लपवायचं कसं? कारखान्यात सांगितलं गेलं की ही मेसोपोटेमियाच्या वाळवंटातल्या फौजेला पाणी पुरवायची वाहनं आहेत. थाप पटण्यासारखी होती; तिथं ब्रिटिश फौज खरोखरच लढत होती, आणि तिच्यात मराठा पलटणीही होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये समितीलाच नवं नाव हवं होतं. ‘सिस्टर्न’, ‘रिझर्व्हॉयर’ अशी नावं सुचली, पण ‘टँक’ आखूड आणि सोपं म्हणून तेच टिकलं. १५ सप्टेंबर १९१६ ला फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत, फ्लेर-कूर्सलेतजवळ, ही वाहनं पहिल्यांदा मैदानात उतरली. गुपित फुटलं तरी नाव चिकटून राहिलं.

सगळ्या भाषांनी हे टोपणनाव घेतलं नाही. जर्मन ‘पांझर’ म्हणतात, म्हणजे चिलखत. फ्रेंच ‘शार’ म्हणतात, म्हणजे रथ-गाडा. मराठी ‘रणगाडा’ फ्रेंचांच्या वाटेनं गेला आणि आमच्या मते तो इंग्रजी शब्दापेक्षा सरस आहे, कारण ऐकताच वस्तू डोळ्यापुढं येते. प्रत्यक्ष पाहायचे असतील तर बीडकरांना फार लांब जावं लागत नाही. अहिल्यानगरला लष्कराचं रणगाडा संग्रहालय आहे.

९. मराठवाड्यात रणगाडे कधी आले होते का?

हो. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरकडून निजामाच्या मुलखात शिरली, तीत रणगाडे होते. पहिली झटापट नळदुर्गजवळ झाली. १७ सप्टेंबरला निजामानं शरणागती पत्करली. जुनी माणसं ज्याला ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतात ती हीच.

१०. टँकरमधलं ‘अर’ कशाचं? आणि ‘टँकरवाला’ म्हणणं चूक आहे का?

इंग्रजीत ‘अर’ लावलं की ‘करणारा, वाहणारा’ असा अर्थ येतो. टँक वाहणारा तो टँकर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा शब्द तेल वाहणाऱ्या जहाजासाठी वापरात आला, रस्त्यावरच्या गाडीला नंतर मिळाला. ‘टँकरवाला’ चूक नाही. मराठीत टँकर म्हणजे गाडी, वाला म्हणजे गाडीचा माणूस. अमेरिकी लष्करी इंग्रजीत मात्र ‘टँकर’ म्हणजे रणगाड्यात बसणारा शिपाई, आणि हवाई दलात उडत्या विमानाला इंधन देणारं विमान. सिनेमाची उपशीर्षकं मराठीत करणारे इथं हमखास फसतात.

मराठवाड्यानं या शब्दाला स्वतःची पिलावळ दिली : टँकरमुक्त गाव, टँकरची खेप, टँकर लॉबी, आणि उपहासानं पडलेलं ‘टँकरवाडा’. इंग्रजी कोशांत यातलं काही नाही. दगडातलं टाकं सोडून गेलेला शब्द चाकांवर बसून परत आला आणि पुन्हा मराठी प्रत्यय लावून घेतोय.

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आणखी एक शब्द चर्चेत आला : वाघीण. मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटरवरून आलेल्या पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या, प्रत्येकीत सुमारे ५०,००० लिटर पाणी. पुढं ५० वाघिणींची गाडी धावू लागली. ही वाघीण जंगलातली नव्हे. इंग्रजी ‘वॅगन’ कानाला ओळखीचं वाटावं म्हणून मराठीनं केलेलं रूप आहे ते. परका शब्द ओळखीच्या शब्दाच्या साच्यात बसवायची ही खोड सगळ्याच भाषांत असते (प्रश्न १२ मध्ये तिचं घातक उदाहरण आहे).

११. ‘टँकर’ लिहायचं की ‘टॅंकर’? संगणकावर शोधलं तर अर्ध्याच नोंदी सापडतात.

डोळ्याला दोन्ही जवळजवळ सारखी दिसतात, संगणकाला नाहीत. पहिल्यात ‘ट’वर एकच चिन्ह आहे, चंद्रबिंदू. दुसऱ्यात दोन आहेत, ॲ-चा अर्धचंद्र आणि त्यावर अनुस्वार. एका तलाठ्यानं एक टाईप केलं, दुसऱ्यानं दुसरं, की यादीत शोधताना निम्म्या खेपा गायब. उपाय : पूर्ण फाईलमध्ये ‘शोधा आणि बदला’ वापरून सगळीकडं ‘टँ’ करून घ्या, मगच मोजणी करा. हिंदी कीबोर्डवरून आलेलं ‘टैंकर’ हा तिसरा प्रकार, तोही त्याच वेळी बदला. मराठी छपाईत ‘टँकर’ जास्त रुळलेलं आहे, म्हणून आम्ही तेच धरलं आहे.

१२. सेप्टिक टँकला सगळे ‘सेफ्टी टँक’ म्हणतात. काय बिघडलं?

जीव जातो. ‘सेप्टिक’ ग्रीक शब्दावरून आला, अर्थ ‘सडवणारा’. हे नाव १८९५ च्या सुमारास इंग्लंडातल्या एक्झिटर शहरात रूढ झालं. या टाकीत हवा नसताना जगणारे जिवाणू मैला कुजवतात. गाळ तळाशी बसतो, साय वर तरंगते, मधलं पाणी शोषखड्ड्यात जातं. कुजताना मिथेन आणि हायड्रोजन सल्फाईड तयार होतात. दुसऱ्या वायूला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण त्याचं प्रमाण वाढलं की नाकाची वास घ्यायची शक्तीच बधिर होते. आत उतरलेल्या माणसाला ‘वास कमी झाला’ असं वाटतं आणि तो कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही तसाच.

‘सेफ्टी’ नावानं नेमका उलटा भरवसा दिला जातो. झाकण उघडून थोडा वेळ थांबलं की उतरायला हरकत नाही ही समजूत चुकीची आहे. गाळ ढवळला की कोंडलेला वायू पुन्हा सुटतो. संरक्षक साधनांशिवाय माणूस आत उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. उपसा करायचा तो वरूनच, नळी टाकून ओढणाऱ्या गाडीनं, दोन-तीन वर्षांतून एकदा. कुणी बेशुद्ध पडलंच तर मागोमाग उडी घेऊ नका. अग्निशमन दलाला बोलवा. मराठीत ‘मैलाटाकी’ म्हणा. रूक्ष आहे, पण फसवत नाही.

१३. प्लॅस्टिकच्या टाकीला ‘सिंटेक्स’ का म्हणतात?

गुजरातेतल्या कलोलच्या कंपनीचं ते नाव. काळी टाकी आधी त्या नावानं घरोघर गेली आणि नाव वस्तूलाच बसलं; आता दुसऱ्या कंपनीची टाकीही ‘सिंटेक्स’च. डालड्याचं झालं तेच.

१४. ‘एक टँकर पाणी’ म्हणजे किती? दहा हजारांचा टँकर आमच्या हौदात मावंल का?

‘टँकर’ आता मापाचाही शब्द झाला आहे, पण त्याला ठरलेलं माप नाही. ट्रॅक्टरमागचा टँकर साधारण ५,००० लिटरचा, ट्रकचा १०,००० किंवा १२,००० चा. भांडणं इथूनच सुरू होतात : ठरवणारा ट्रकचा धरतो, आणणारा ट्रॅक्टरचा. बोलीत ‘टँकर’ चालेल, हिशेबात लिटर लिहा.

हौदाचं माप आतून घ्या, बाहेरून घेतलं तर भिंतीची जाडी पाण्यात मोजली जाते. फुटांत लांबी × रुंदी × उंची करा आणि २८.३ नं गुणा, लिटर मिळतात. उंची तळापासून वरच्या कडेपर्यंत नव्हे, ओव्हरफ्लोच्या पाइपापर्यंतच धरा. समजा हौद ८ × ८ × ५ फूट : ३२० घनफूट, म्हणजे सुमारे ९,०५० लिटर. दहा हजारांचा टँकर त्यात रिता केला तर साडेनऊशे लिटर पाणी अंगणात जाईल. १० × ८ × ६ फुटांचा हौद सुमारे १३,६०० लिटर घेतो, त्यात निवांत मावेल. गोल टाकीला मीटरमध्ये त्रिज्या × त्रिज्या × ३.१४ × उंची, आणि उत्तराला १,००० नं गुणायचं. गच्चीवर ठेवताना मात्र लिटरऐवजी किलो मोजा : १,००० लिटर पाणी म्हणजे एक टन ओझं, टाकीचं वजन वेगळं.

१५. हौद, टाकं, बारव, आड, संप : सगळे टँकच का?

इंग्रजीत बहुतेकांना ‘टँक’ किंवा ‘वेल’ म्हणून मोकळे होतात, मराठीत तसं चालत नाही. टाकं आणि हौद यांत बाहेरून पाणी येऊन साठतं. आड आणि बारवेला आतून झरे असतात. आड अरुंद, पोहऱ्यानं शेंदायचा. बारव म्हणजे पायऱ्यांनी पाण्यापर्यंत उतरता येईल अशी बांधीव विहीर. परभणी जिल्ह्यात चारठाणा आणि वालूरला पाहायला मिळते. हौद हा अरबी शब्द, निजामाच्या मुलखात तो घरचाच झाला; देवगिरीच्या किल्ल्यावर ‘हत्ती हौद’ आहे. शहरात जमिनीखालच्या टाकीला म्हणतात तो ‘संप’ इंग्रजी ‘सम्प’, त्याचं मूळ दलदल. कामगारांच्या संपाशी त्याचा संबंध नाही, जरी दोन्हींत पाणी बंद होतं.

१६. ‘थिंक टँक’, ‘टँक टॉप’, ‘शेअर टँक झाला’ यांचं मराठी कसं करायचं?

शब्दाला शब्द ठेवून नाही. ‘थिंक टँक’ हे आधी गमतीनं डोक्याला म्हणत. धोरणांचा अभ्यास करणारी संस्था हा अर्थ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळला. नीती आयोगाला वर्तमानपत्रं तसं म्हणतात. मराठीत ‘विचारगट’ किंवा ‘अभ्यासगट’. ‘विचारांची टाकी’ म्हटलं तर लोक हसतील.

‘टँक टॉप’ची गंमत अशी की तिथं ‘टँक’ म्हणजे पोहण्याचा तलाव. १९२० च्या दशकात तलावात पोहायच्या पोशाखाला ‘टँक सूट’ म्हणत; बिनबाह्यांच्या बनियनला त्यावरून नाव पडलं. म्हणजे जुना तलावाचा अर्थ कपड्यांच्या दुकानात टिकून आहे.

‘मॅच टँक केली’ म्हणजे मुद्दाम हरला. ‘शेअर टँक झाला’ म्हणजे धाडकन आपटला. ‘टँक्ड’ म्हणजे झिंगलेला. आपल्याकडंही ‘टाकी फुल्ल आहे’ म्हणतात, हे भाषांतर नसावं; दारुड्याला पाहून दोन भाषांना एकच उपमा सुचायला कुणाचं उसनं लागत नाही.

१७. टँकर्ड, टाकीज, टंचाई, टाकळी : हे सगळे त्याच मुळाचे का?

नाहीत. ‘टँकर्ड’ (झाकणाचा पेला) इंग्रजीत भारताशी संबंध येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. ‘टाकीज’ हे ‘टॉकीज’, बोलपटावरून. टाक्याशी त्याचं काही घेणंदेणं नाही. टंचाई आणि टँकर एकाच बातमीत येतात, एवढंच त्यांचं नातं. टाकळी नावाची गावं मराठवाड्यात जागोजागी आहेत. त्या नावातला ‘ळ’ टाक्यावरून येत नाही, टाकळा या रानभाजीवरून येऊ शकतो. गावात जुनं टाकं आहे एवढ्यावरून नाव ठरवू नका.

१८. एखाद्या शब्दाचं मूळ स्वतः तपासायचं तर कुठून सुरू करू?

सर्वांत जुना लेखी वापर कोणत्या वर्षीचा, तिथून. मूळ म्हणून सांगितलेला शब्द त्याहून नंतरचा निघाला तर दावा तिथंच संपला. मग त्या वेळचा अर्थ पाहा, आजचा नाही. ‘टँक’चा पहिला अर्थ तळं होता हे कळलं की रणगाड्यापासून सुरू होणारे सगळे तर्क गळतात. मग वाट पाहा : कोण माणसं, कोणत्या बंदरातून, कुणाशी बोलली. शेवटी शेजारच्या भाषांत भावंडं शोधा.

मराठीसाठी मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे दोन्ही इंटरनेटवर शोधता येतात. जुन्या अनुस्वारांसह शोधायला विसरू नका (प्रश्न ४). नुसत्या उच्चाराच्या सारखेपणावर विसंबलात तर प्रश्न १७ मधली यादी तुमच्याच हातानं वाढेल.

१९. स्पर्धा परीक्षेत ‘टँकर’ आणि ‘टाके’ यांचा शब्दप्रकार विचारला तर?

‘टँकर’ परभाषी, इंग्रजी. इथं वाद नाही. ‘घमेले’, ‘पगार’, ‘चावी’ आले तर परभाषी, पोर्तुगीज. ‘हौद’ परभाषी, अरबी. ‘टाके’ आलंच तर पर्याय नीट वाचा. प्रश्न ३ मधला वाद परीक्षकाला माहीत असेलच असं नाही, आणि उत्तरपत्रिकेत खुलासा लिहायला जागा नसते. ‘इंग्रजी’ हा पर्याय मात्र कोणत्याही बाजूनं बरोबर ठरत नाही. तो आधी खोडा. ‘टाका’ म्हणजे शिवण असा अर्थ दिला असेल तर तो वेगळाच शब्द आहे, प्रश्न ६ पाहा.